ओसरीवरचा व्यायाम

नेवासा फाट्यावर उभे राहिले की एका हाताला अहिल्यानगर आणि दुसऱ्या हाताला छत्रपती संभाजीनगर. दोन्ही शहरे पन्नास-साठ किलोमीटरवर. मोठी रुग्णालये, मेंदूविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपीची केंद्रे या दोन टोकांना, नाहीतर श्रीरामपूरच्या पुढे लोणीला. या फाट्यावर चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन एसटीची वाट पाहणारी एखादी आई डोळ्यांसमोर आणा. मुलाचे पाय ताठ आहेत. उभे केले की ते चवड्यांवर येते आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. डॉक्टरांनी कागदावर ‘सेरेब्रल पाल्सी’ लिहिले आहे आणि ‘व्यायाम चालू ठेवा’ असे सांगितले आहे. सकाळी निघायचे, रांगेत बसायचे, अर्धा तास व्यायाम करून घ्यायचा आणि दिवेलागणीला घरी यायचे. त्या दिवसाची मजुरी बुडते. महिन्यातून दोनदा हे जमले तरी खूप. कापसाची वेचणी सुरू झाली की तेही सुटते आणि ‘आपणच कमी पडलो’ ही टोचणी मागे उरते.

त्या आईला आणि आपल्या आरोग्य यंत्रणेलाही सांगायची गोष्ट एकच आहे. शहरातला तो अर्धा तास मोलाचा आहे. पण मूल उठायला, तोल सावरायला, पाऊल टाकायला शिकते ते उरलेल्या दिवसांत, स्वतःच्या घरात आणि अंगणवाडीत. त्यामुळे उपचाराची मुख्य जागा घराची ओसरी आहे. तिथवर पोहोचणे हे यंत्रणेचे काम आहे, आईने रोज यंत्रणेपर्यंत धावणे हे नव्हे.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला गर्भात, जन्माच्या सुमारास किंवा बाळपणी झालेल्या इजेमुळे हालचाल आणि शरीराचा तोल यांवर कायमचा राहणारा परिणाम. मेंदूतली इजा पुढे वाढत जात नाही. पण वाढत्या शरीरावरचा तिचा परिणाम बदलत राहतो. स्नायू ताठ होतात किंवा सैल पडतात, सांधे आखडतात, हालचालींवर ताबा राहत नाही. काही मुलांना फिट येतात, काहींना बोलायला, गिळायला, ऐकायला किंवा पाहायला अडचण येते. पण चालता न येणारे मूल बुद्धीने कमीच असणार हा समज चुकीचा आहे. कितीतरी मुलांना सगळे समजत असते, फक्त जीभ आणि हात साथ देत नाहीत. मुंबईत 1972 मध्ये मिठू अलुर यांनी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली, ती त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे. मालिनी चिब पुढे उच्चशिक्षित झाल्या आणि एका बोटाने टंकलेखन करत त्यांनी आत्मचरित्र लिहिले.

हा आजार दुर्मीळही नाही. भारतात हजार मुलांमागे दोन ते तीन असे त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे मानले जाते. नेवाशासारख्या साडेतीन लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या तालुक्यात अठरा वर्षांखालील मुले ढोबळ हिशेबाने लाखभर असतील. म्हणजे एका तालुक्यातच अशी दोन-तीनशे मुले असू शकतात. गावात ती फारशी दिसत नाहीत, कारण बरीचशी घरात असतात.

ती घरात राहण्यामागे लाजही असते आणि दोषारोपही. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, विळी हातात घेतली, असे आईला ऐकवले जाते. ग्रहणाचा आणि या आजाराचा काडीचाही संबंध नाही. दिवस भरण्याआधी झालेला जन्म, फार कमी वजन, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणे, पहिल्या दिवसांतली तीव्र कावीळ, मेंदूतला जंतुसंसर्ग ही त्याची ज्ञात कारणे आहेत. लंडनचे विल्यम लिटल यांनी एकोणिसाव्या शतकात या आजाराचे वर्णन करताना अवघड बाळंतपणाकडे बोट दाखवले होते. मनोविश्लेषणामुळे प्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड आधी मेंदूविकारतज्ज्ञ होते. अवघड बाळंतपण हे कधी कधी गर्भातच झालेल्या बिघाडाचे लक्षण असू शकते, अशी शंका त्यांनी 1897 च्या सुमारास मांडली. पुढच्या संशोधनाने ती बऱ्याच अंशी खरी ठरवली. पुष्कळ वेळा नेमके कारण सापडतच नाही. दोष शोधण्यात गेलेला प्रत्येक महिना मात्र मुलाच्या शिकण्याच्या काळातून वजा होतो.

हा काळ मर्यादित आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात 657 मुलांच्या हालचालींची प्रगती काही वर्षे मोजण्यात आली आणि 2002 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उठणे, बसणे, चालणे अशा मोठ्या हालचालींत मुलाची जी काही क्षमता असते, तिचा सुमारे 90 टक्के भाग पाचव्या वर्षापर्यंत गाठला जातो. जास्त तीव्र आजारात त्याहूनही लवकर. त्यानंतर शिकणे थांबते असे नाही, पण सुरुवातीच्या वर्षांचा वेग पुन्हा मिळत नाही. म्हणून ‘मोठे झाल्यावर आपोआप चालेल, त्याचे काकाही उशिरा चालले होते’ हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी महाग पडतो.

लक्षणे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. चार महिने होऊनही मान धरत नाही, मुठी घट्ट मिटलेल्याच राहतात; नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही; वर्षाच्या आत एकच हात वापरते आणि दुसरा अंगाशी धरून ठेवते; पाय ताठ करून एकमेकांवर टाकते; दीड वर्षापर्यंत चालत नाही. यांपैकी काहीही दिसले की दाखवावे. आशा सेविका बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरभेट देतात, त्या याच वळणांवर. वजन आणि लस यांच्यासोबत या चार-पाच खुणा त्यांनी पाहिल्या, तर निदान वर्षभर आधी होऊ शकते. दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ असेल तर महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे, हेही लक्षात ठेवायला हवे.

आता मुख्य प्रश्न: व्यायाम कोणता? आपल्याकडे व्यायाम म्हणजे कुणीतरी मुलाचे हातपाय हलवून देणे, तेल लावून चोळणे, ओढून ताणणे अशी समजूत आहे. मुलाला मालिश आवडत असेल तर जरूर करावी. अंग मोकळे वाटते, आईचा स्पर्श मिळतो. पण त्याने मूल चालायला शिकत नाही. सायकल चालवणाऱ्याच्या मागे बसून कुणी सायकल शिकत नाही, तसेच हे. मेंदू शिकतो तो स्वतः केलेल्या प्रयत्नातून, चुकांतून आणि पुन्हा पुन्हा केलेल्या सरावातून. इजा झालेल्या मेंदूतही नव्या जोडण्या तयार होण्याची क्षमता असते आणि लहान वयात ती जास्त असते. मात्र त्यासाठी हालचाल मुलाच्या मनातून निघावी लागते.

ऑस्ट्रेलियातील संशोधक आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 आणि 2020 मध्ये या आजारावरील शेकडो अभ्यास तपासून उपचारांना वाहतुकीच्या सिग्नलसारखे हिरवे, पिवळे आणि लाल गट दिले. ठरावीक उद्दिष्ट ठेवून केलेला सराव, प्रत्यक्ष कामाचाच सराव, ट्रेडमिलवर चालणे, नीट आखून दिलेला घरचा व्यायाम हे हिरव्या गटात आले. मूल निष्क्रिय पडून आणि उपचारक सगळे करतो अशा जुन्या पद्धती मागे पडल्या. दुसरा एक धडा 2017 च्या कॉक्रेन आढाव्यातून मिळतो. नुसत्या वजनाच्या किंवा ताकदीच्या व्यायामाने चालण्याचा वेग किंवा उठण्या-बसण्याची क्षमता सुधारल्याचे त्यात ठामपणे दिसले नाही. म्हणजे पायाचा स्नायू बळकट करणे पुरेसे नाही. त्या बळाचा वापर करून पायरी कशी चढायची, हे वेगळे शिकावे लागते. पायरी चढायची असेल तर सराव पायरीचाच हवा.

सराव किती, हा प्रश्नही महत्त्वाचा. हाताच्या कामांबाबत झालेल्या अभ्यासांवरून एखादे छोटे, ठरावीक उद्दिष्ट साधायला साधारण 14 ते 25 तासांचा सराव लागतो असे दिसते. पायांसाठी आकडा तोच असेल असे नाही, पण हिशेबाचा अंदाज येतो. महिन्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास केंद्रात गेले, तर 14 तास व्हायला 14 महिने लागतील. घरी रोज अर्धा तास केला, तर तेच महिनाभरात होते. साठ किलोमीटरवरचा उपचार आणि ओसरीवरचा उपचार यांतला फरक या एका हिशेबात आहे.

मग ओसरीवर काय करायचे? आधी उद्दिष्ट ठरवायचे, तेही मुलाला आणि घराला हवे असलेले. ‘तोल सुधारणे’ हे उद्दिष्ट फार मोघम झाले. ‘अंगणवाडीची पायरी भिंत धरून एकट्याने चढणे’, ‘पाटावर बसून दोन्ही हात मोकळे ठेवून जेवणे’, ‘बाजेवरून उठून दारापर्यंत जाणे’ ही खरी उद्दिष्टे. पुढचे सगळे फिजिओथेरपिस्टकडून मुलाला पाहून ठरवून घ्यावे. पण त्याला लागणारे सामान बहुतेक घरात असते.

ज्याला बसायला जमते, पण उठता येत नाही, अशा मुलासाठी भक्कम पाट किंवा ठेंगणे स्टूल पुरते. पावले जमिनीवर टेकलेली, गुडघे काटकोनात, समोर धरायला बाजेची कड. उठायचे, दोन क्षण उभे राहायचे, सावकाश बसायचे. आईने वर ओढायचे नाही. फक्त पडणार नाही इतपत कमरेशी हात ठेवायचा. जमू लागले की पाटाची उंची कमी करायची. बसण्याच्या तोलासाठी मुलाला पाटावर बसवून खेळणे थोडे बाजूला, थोडे वर, हाताच्या जरासे पलीकडे धरायचे. ते घेण्यासाठी झुकणे आणि परत सरळ होणे हाच व्यायाम. उभे राहण्याच्या तोलासाठी भिंतीला पाठ जवळ ठेवून चेंडू झेलणे, पुढे घडी केलेल्या गोधडीवर उभे राहणे. चालणाऱ्या मुलासाठी रांगोळीने आखलेल्या रेघेवरून चालणे, उंबरा ओलांडणे, जमिनीवर ठेवलेली उसाची टिपरी ओलांडणे. चालणाऱ्याने अंगणात भावंडांबरोबर लगोरीचे दगड रचले तरी वाकणे, उठणे आणि तोल सांभाळणे या तिन्हींचा सराव होतो. दहा-दहा मिनिटे दिवसातून तीनदा, हे एकदम अर्धा तास करण्यापेक्षा मुलाला सोपे जाते. काम थोडे अवघड हवे, पण दहापैकी निम्म्याहून जास्त वेळा जमणारे हवे. सतत हरणारे मूल खेळ सोडून देते.

आपल्या घरांतला पांगुळगाडा इथे आठवतो. लाकडी, तीन चाकांचा, उभे राहून ढकलायचा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर वजन घेते. बाजारातल्या गोल, मध्ये बैठक असलेल्या ‘वॉकर’मध्ये मूल लोंबकळते, चवड्यांनी ढकलते आणि ताठ पायांना तीच चुकीची सवय लागते. शिवाय असा वॉकर जिन्यावरून, ओट्यावरून कोसळतो; कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला तो मुळीच देऊ नये. पांगुळगाडाही प्रत्येकाला चालेल असे नाही. पुढे झुकण्याची सवय असलेल्या मुलाला मागून आधार देणारा वॉकर बरा पडतो. ते तज्ज्ञाने ठरवावे.

काही गोष्टी घरी करायच्या नाहीत. आखडलेला सांधा जोर लावून सरळ करायचा नाही. मूल रडत असताना ओढाताण करणे हा व्यायाम नव्हे, आणि न चालणाऱ्या मुलांची हाडे कमकुवत असतात. फिटची औषधे व्यायाम सुरू झाला म्हणून बंद करायची नाहीत. या आजारात सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, तोही सुरुवातीला न दुखता; म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा खुब्याचा एक्स-रे काढून घ्यावा. ताठरपणा फार असेल तर औषधे, बोटॉक्सची इंजेक्शने, स्प्लिंट किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. त्यानंतरही सराव लागतोच. आणि ‘स्टेम सेल’ने मूल चालू लागेल असे सांगून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारात हा उपचार मान्यताप्राप्त चाचणीच्या बाहेर देता येत नाही. त्यासाठी जमीन गहाण टाकण्याची वेळ कुणावर येऊ नये.

अपेक्षांबाबतही प्रामाणिक राहायला हवे. रॉबर्ट पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये या मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या ठरवल्या. पहिल्या पातळीचे मूल चालते, धावते, फक्त वेग आणि तोल कमी पडतो. पाचव्या पातळीच्या मुलाला मान सावरायलाही आधार लागतो. व्यायामाने प्रत्येक मूल चालेल असे आश्वासन देणारा माणूस एकतर अजाण आहे किंवा विक्रेता. पण पाचव्या पातळीच्या मुलालाही नीट बसवले, दिवसातून काही वेळ आधाराने उभे केले, तर त्याचे गिळणे, श्वास, पाहणे आणि माणसांत असणे सुधारू शकते. व्हीलचेअर घेणे म्हणजे हार मानणे नव्हे. ज्या गावात ज्ञानेश्वरांनी ‘पैस’च्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे, त्या गावाने तरी आधाराला कमीपणा मानू नये.

इथवर वाचून एखादी आई म्हणेल, म्हणजे सगळे पुन्हा माझ्याच अंगावर. तिचे म्हणणे रास्त आहे. घरचा व्यायाम म्हणजे घरावर ढकललेला व्यायाम असे होता कामा नये. स्वयंपाक, पाणी, शेत, दुसरे मूल, आणि त्यात हे. म्हणून व्यायाम अंघोळीत, जेवणात, खेळात बसवायचा. वडील, आजी, मोठे भावंड यांनी वाटून घ्यायचा. आणि शिकवणारा, तपासणारा, बदल सुचवणारा माणूस तालुक्यातच मिळायला हवा.

त्यासाठी नवी योजना काढायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरमधून झाली. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणी करतात, आणि जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. अडते ते तपासणी आणि केंद्र यांच्या मधल्या साठ किलोमीटरांत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस फिजिओथेरपिस्ट बसला, तर हे अंतर बरेच मिटेल. लोणी आणि अहिल्यानगरजवळचा विळद घाट या दोन्ही ठिकाणी फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. तिथल्या इंटर्न विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली या दिवशी तालुक्यात पाठवता येईल. मधल्या आठवड्यांत आईने मोबाइलवर काढलेली दोन मिनिटांची चित्रफीत पाहूनही पुष्कळ दुरुस्ती सुचवता येते.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून शाळेत आणि अंगणवाडीत उतरण, कठडा, समांतर दांड्या, कोपऱ्यात नीट बसवणारी खुर्ची हे गावच्या सुताराकडून आणि लोहाराकडून करून घेता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून त्यात थेरपीचा खर्चही बसतो. हे कागद करून देण्याचे काम त्याच ठरलेल्या दिवशी, त्याच ठिकाणी झाले, तर आईच्या आणखी चार खेपा वाचतील.

आणि एक गट तर कुठल्याच यादीत टिकत नाही. भेंडे आणि सोनई इथल्या साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबे मुलाबाळांसह फडाजवळच्या कोप्यांत येतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांचे मूल गावातल्या तपासणीच्या वेळी इथे असते आणि इथल्या तपासणीच्या वेळी गावी. कारखाना, आरोग्य विभाग आणि अंगणवाडी यांनी हंगामाच्या पहिल्याच महिन्यात कोप्यांवर तपासणी केली आणि मुलाबरोबर त्याच्या व्यायामाचे साधे चित्रांचे कार्ड दिले, तर पुढच्या गावातली आशा सेविका तिथून पुढे चालू करू शकेल.

फाट्यावरची ती आई पुढच्या महिन्यातही एसटीची वाट पाहील, कारण काही तपासण्यांसाठी शहरात जावेच लागेल. पण पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ‘व्यायाम चालू ठेवा’ म्हटले, तर तिने तीन प्रश्न विचारावेत: कोणता, किती वेळ, आणि पुढची पायरी कोणती? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिला नेवाशातच मिळतील अशी व्यवस्था करणे, ही तालुक्याची, जिल्ह्याची आणि आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे. मुलाची पहिली पाच वर्षे कुठल्याही मंजुरीसाठी थांबत नाहीत.